धोबिणीची टोपली आणि मी

मित्रांनो, शाळेत शिरताच डाव्या हाताला काचेचे कपाट लागते. त्यात चषकांच्या मागे दबून बसलेली जुनी पितळी शिट्टी मी. माझ्या पोटात बुचाचा एक लहानसा मणी आहे. अंगाने मी तुमच्या अंगठ्याएवढी, पण एके काळी माझ्या शब्दाबाहेर जायची कोणाची टाप नव्हती.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून एका मिशनरी बाईंच्या गळ्यात बसून मी इथे आले. बाईंना मुलींची शाळा काढायची होती. त्यांनी एक खोली भाड्याने घेतली, भिंतीला फळा टांगला आणि ट्रंकेतून चामड्याचा चेंडू काढला. लोकांत कुजबुज सुरू झाली. बाई आपला देव गळी उतरवायला आल्या आहेत, असे कोणी म्हणे. 'देव राहिला बाजूला, हिने तर चेंडूच आणलाय,' म्हणून शेजारची धोबीण हसली. तरी तिने आपली मुलगी शाळेत पाठवली. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. त्यामुळे गिऱ्हाइकांच्या कपड्यांची अदलाबदल व्हायची आणि बोलणी खावी लागायची.

मुलगी उंच, म्हणून सगळ्या तिला लंबू म्हणत. ती भराभर वाचायला शिकली आणि खेळातही कोणाला ऐकेना. एकदा ती गुडघा फोडून घरी गेली. दुसऱ्या दिवशी धोबीण शाळेच्या दारात उभी.

'शिकवा तिला हवं तेवढं, पण पळवू नका. संध्याकाळी कपडे गोळा करायला मला तिचे धड पाय लागतात.'

बाईंचा नियम होता, जी खेळणार नाही तिला वर्गात जागा नाही. त्या नियमाला चिकटून राहिल्या आणि लंबूची शाळा सुटली. मला बाईंचा फार राग आला. शिकवायला इतक्या लांबून यायचे आणि शिकणारीलाच दाराबाहेर काढायचे, हा कुठला न्याय?

बाईंच्याही ते जिवाला लागले असावे. एका संध्याकाळी त्या सगळ्या मुलींना घेऊन धोबिणीच्या अंगणात गेल्या आणि त्यांनी मला फुंकले. मुली दोऱ्यांकडे धावल्या. त्यांनी चादरी उतरवल्या, टोपलीत भरल्या, घड्या घातल्या. लंबू गिऱ्हाइकांनी कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्यांवरची नावे वाचून गठ्ठे लावत होती. धोबीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली. काम संपले तरी उजेड बराच उरला होता.

'माझं चुकलं,' बाई म्हणाल्या. 'आता थोडा वेळ खेळू दे तिला?'

धोबिणीने रिकामी टोपली त्यांच्यापुढे सरकवली. 'ही घ्या. पण मोडलीत तर नवी आणून द्यायची.'

बाईंनी ती दोरीच्या खांबाला उंच बांधली. चेंडू टोपलीत टाकायचा खेळ मग रोज तिथेच होऊ लागला. आत पडलेला चेंडू काढायला बाकीच्यांना स्टूल लागे, लंबूला नुसता हात वर केला की पुरे. सकाळी ती पुन्हा वर्गात बसू लागली.

पुढे बाई आजारी पडल्या. त्यांना मायदेशी परत बोलावले. निघताना त्यांनी मला लंबूच्या गळ्यात घातले. आपण पुन्हा येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि लंबूलाही.

त्या संध्याकाळी कोणीच जागचे हलेना. लंबू मला मुठीत धरून पायरीवर रडत बसली होती. धोबीण उठली. तिने एकटीने चादरी उतरवल्या, टोपली रिकामी केली, स्टुलावर चढून खांबाला बांधली. मग लेकीकडे वळून म्हणाली, 'बसून काय राहिलीस? वाजव.'

लंबूने मला ओठांना लावले. तिचा श्वास अडखळत होता, म्हणून माझा आवाज फाटला. पण मुली उठल्या.

लंबू याच शाळेत शिक्षिका झाली. तिचे केस पांढरे होईपर्यंत मी तिच्या गळ्यात होते. ती गेली आणि मी या कपाटात आले. तुम्ही मला पुसता, पाहुण्यांना दाखवता, माझे कौतुक करता. पण खेळाचा तास आता गणिताला जातो, मैदानावर गाड्या उभ्या राहतात आणि मला फार एकटे वाटते.

मित्रांनो, कपाटाची किल्ली मुख्याध्यापिकाबाईंकडे असते. ती मागा. मला मैदानावर न्या आणि वाजवा. माझा आवाज कदाचित फाटेल. त्या संध्याकाळीही तो फाटलाच होता.