पूर्वसूचना देऊन केलेलं भांडण

‘येत्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी पहाटे पाच ते साडेपाच या वेळेत आम्ही उभयता मासे सुकवायच्या जुन्या शेडसमोर भांडणार आहोत. आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल आगाऊ क्षमा असावी. आपले नम्र, मासुई तोकुजी व फुसाए.’

मजकूर तोकुजींनी सांगितला, फुसाएबाईंनी लिहिला. ‘उभयता’ हा शब्द जरा लग्नपत्रिकेसारखा वाटतो का, असं तोकुजींनी मुद्दाम विचारून पाहिलं. पूर्वीच्या फुसाएबाई असत्या तर एवढ्या एका शब्दावर दुपार निघाली असती. आताच्या फुसाएबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं," आणि त्यांनी पुढचा कागद ओढला. असे बावीस कागद, आणि प्रत्येकासोबत एक पांढरा टॉवेल. छप्पर दुरुस्त करायचं असो की अंगण खणायचं असो, शेजाऱ्यांच्या कानांना त्रास होणार असेल तर याइझू गावात आधी टॉवेल पोचता करतात. भांडणासाठी वेगळा नियम नव्हता, म्हणून हाच लावला.

तोकुजी एकाहत्तर वर्षांचे. त्यातली अडतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे काढली होती. छत्र्या, कवळ्या, एकदा तर नवरदेवाचा कोट. हरवतो तो माणूस, वस्तू बिचारी फळीवर गप्प बसून त्याची वाट पाहते, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं. मांजराने ते खोटं पाडलं.

हानपेन घरातून गेली त्याला नऊ दिवस झाले होते. तेरा वर्षांची, रंगाने राखाडी. गावात माशाची राखाडी वडी मिळते तिच्यावरून नाव ठेवलेलं. तिची मूत्रपिंडं थकली होती. रोज अर्धी गोळी लागायची. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "गोळीवाचून दोन आठवडे काढील. त्यापुढचं मला विचारू नका."

म्हणून उबुकाता नागिसाला बोलावलं. हरवलेली कुत्री-मांजरं शोधून सुखरूप घरी आणून देणं हा तिचा धंदा. अकरा वर्षं झुडपांखाली रांगून तिचे गुडघे जाड झाले होते आणि आवाज बारीक. ती फक्त कुजबुजायची. चहा घेणार का, असं विचारलं तरी ‘हो’ अशा आवाजात म्हणायची, की जणू मोठ्याने बोललं तर चहा पळून जाईल.

तोकुजींनी तिच्यासाठी सवयीने हरवलेल्या छत्रीचा फॉर्म भरून ठेवला होता. ‘रंग: राखाडी. मूठ: नाही. घडी होते का: होते.’

नागिसाने तो वाचला, आदराने खिशात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी हानपेनचा पत्ता लावला. घरापासून दोनशे पावलांवर, मासे सुकवायच्या बंद शेडखाली. नागिसाने लावलेल्या कॅमेऱ्यात ती दिसली होती. पण पिंजऱ्यातल्या तळलेल्या बांगड्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"काका, मी देशभर या बांगड्यावर मांजरं धरली," नागिसा कुजबुजली. "पण तुमच्या गावात वारासुद्धा माशाचा. इथे मासा लावणं म्हणजे समुद्राला पाणी दाखवणं झालं."

"मी आत सरपटत जाऊन धरतो तिला."

"मुळीच नाही. ती दुसरीकडून निघेल ती थेट बंदराच्या रस्त्यावर, ट्रकखाली. धावायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, नावाने हाका मारायच्या नाहीत. घाबरलेल्या मांजराला स्वतःच्या नावाचीही भीती वाटते. तिला घरचा आवाज हवा. जेवणाच्या वेळी रोज काय ऐकते ती?"

दोघांनी चटईकडे पाहिलं.

"रेडिओ? वाटी ठेवल्याचा आवाज?"

"भांडण," फुसाएबाई म्हणाल्या.

ते खरं होतं. एक्केचाळीस वर्षं या घरात नाश्ता भांडणाबरोबर व्हायचा. मुळ्याच्या कापांची जाडी, कुकरचं झाकण, फुसाएबाईंच्या भावाचा स्वभाव. विषयांना तोटा नव्हता. पहिला आवाज चढला की हानपेन उठून वाटीपाशी जायची.

फेब्रुवारीत मात्र माणसांच्या डॉक्टरांनी तोकुजींचा रक्तदाब पाहिला आणि फुसाएबाईंना बजावलं, "यांना चिडू देऊ नका." त्या दिवसापासून फुसाएबाईंचं एकच वाक्य: "तुमचं बरोबर आहे." पहिल्या आठवड्यात तोकुजींना वाटलं, आपण जिंकलो. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की समोर कुणी उरलेलंच नाही. त्यांनी सार खारट म्हणून पाहिलं, भावाचा विषय काढून पाहिला. बरोबर आहे, बरोबर आहे. हानपेन वाटीपाशी न जाता या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत बसायची.

आणि मग एका सकाळी न्हाणीघराची खिडकी उघडी सापडली. "वाऱ्याने उघडली असेल," फुसाएबाई म्हणाल्या होत्या. त्या खिडकीला आतून कडी आहे. वाऱ्याला बोटं नसतात हे तोकुजींना पक्कं माहीत होतं, कारण ती बोटं त्यांचीच होती.

टॉवेल घेऊन दोघं दारोदार फिरले. आळीच्या मंडळाचे अध्यक्ष माकितासाहेब यांनी कागद दोनदा वाचला. "हरकत काही नाही. पण शनिवारी काचेच्या बाटल्यांचा कचरा असतो, लोक साडेपाचला बाहेर पडतात. तेव्हा साडेपाच म्हणजे साडेपाच. विषय कोणता?"

"अजून ठरला नाही."

"ठरवा हो, मासुईराव. आयत्या वेळी फजिती व्हायची. मुळ्याच्या कापांवर मात्र जाऊ नका, त्यात वहिनींची बाजू भक्कम आहे."

शेजारच्या ओइशीबाई तर टॉवेल घेईनात. "एक्केचाळीस वर्षं फुकट ऐकलं, आता टॉवेल घेऊन ऐकू होय? आणि चार महिने झाले, आवाज नाही काही नाही. आम्हाला वाटलं, तुमच्यातलं एक गेलं आणि तुम्ही कळवलं नाहीत." मग टॉवेल घेतला.

शुक्रवारी पहाटे पाचला चांगलं उजाडलं होतं. शेडसमोर नागिसाने मांजराची पेटी ठेवली. पेटीत हानपेनचं जुनं पांघरूण, दाराला लांब दोरी, आणि दोरीचं टोक तोकुजींच्या हातात. "अशी हळू ओढायची, काका. माशी बसल्यासारखी." फुसाएबाईंनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि त्यांच्या दुसऱ्या हाताला पट्टा बांधला.

"आपल्याला यंत्र घेऊन भांडायचंय?"

"तुम्ही म्हणत असाल तर काढते."

तोकुजींनी सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली. "परवाचा मुळा जाड होता."

"होता खरा. पण तुम्हीसुद्धा... म्हणजे, मनावर घेऊ नका हं."

"कुकरचं झाकण उघडं होतं."

"असेल. यापुढे काळजी घेईन."

अर्ध्या तासाने यंत्राने एकशे एकतीस दाखवले. ओइशीबाईंच्या घरचा पडदा निराशेने मिटला. नागिसा रांगत आली आणि आकडा बघून मान हलवू लागली.

"हे भांडण नाही, काका. हा निरोपसमारंभ झाला. तिने एक कान बाहेर काढला आणि परत आत घेतला."

शनिवारी अकरावा दिवस उजाडला. कॅमेऱ्यात हानपेन आदल्या दिवसापेक्षा हळू चालताना दिसली होती. दोनदा बसली होती. तोकुजींनी ते पाहिलं. शेडसमोर फुसाएबाई पट्टा बांधायला आल्या तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"खिडकी मी उघडी टाकली."

फुसाएबाई पट्टा हातात धरून उभ्या. "माहीत आहे."

"मग वारा वारा काय लावलं होतंस?"

"मग काय म्हणू? डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टरांशी लग्न केलंयस का? चार महिने मी घरात भिंतीशी बोलतोय! भिंतसुद्धा आवाज परत देते! तू तेवढंही देत नाहीस!"

"आवाज हवाय?" फुसाएबाईंनी यंत्र खाली ठेवलं, आणि ठेवलं ते आपटून. "घ्या आवाज! न्हावीदादांच्या दुकानात तुम्ही चक्कर येऊन पडलात! घरी येऊन काय सांगितलंत? म्हणे, चप्पल शोधायला वाकलो होतो! मला कुणी सांगितलं? न्हाव्याच्या बायकोने! भर बाजारात! हातात मुळा असताना!"

"जाड मुळा!"

"जाडच! आणि जाडच कापणार!"

आळीत तीन पडदे सरकले.

"तुला काळजी लागू नये म्हणून नाही सांगितलं!"

"आणि मी तुम्हाला चीड येऊ नये म्हणून नाही बोलले! वाटतं सोपं? तुम्ही साराला खारट म्हणालात तेव्हा मी जीभ चावली, अक्षरशः चावली! भांडले, आणि तुम्ही तिथल्या तिथे आडवे झालात तर? शेवटचा शब्द माझा झाला असता! मला नकोय तो!"

तोकुजींचं तोंड उघडं राहिलं. एक्केचाळीस वर्षं या बाईने शेवटच्या शब्दासाठी जिवाचं रान केलं होतं. नेमकं तेव्हाच शेडच्या फळीखालून एक राखाडी डोकं बाहेर आलं.

झुडपातून नागिसाने पुठ्ठ्याची पाटी वर केली. ‘थांबू नका.’

"मग... मग घे ना शेवटचा शब्द!" तोकुजी पेटीकडे तिरपं बसत ओरडले. "तुझ्यासाठीच ठेवलाय तो! फळीवर! चिठ्ठी लावून!"

"मी काय छत्री आहे?"

"छत्री बरी! छत्रीला भाऊ नसतो!"

"माझ्या भावाचं नाव काढायचं नाही! हे यंत्र त्यानेच दिलंय!"

"म्हणूनच ते चुकतं!"

हानपेन पोट जमिनीला टेकवून निघाली. हाडं दिसत होती. तिने दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटल्यावर नाश्ता मिळेल या बेताने पेटीत शिरली.

"आणि कुकरचं झाकण..." तोकुजींचा आवाज फाटला. दोरी मात्र माशी बसल्यासारखी हळू ओढली गेली. कडी लागली.

नागिसाने पेटीवर चादर टाकली. "आता गप्प झालात तर ती आत धडका घेईल," ती कुजबुजली. "घराचं दार लागेपर्यंत चालू ठेवा."

तेव्हा पेटी घेऊन दोघं भांडत निघाले. वाटेत विषय संपला. फुसाएबाईंचे डोळे वाहत होते आणि त्या म्हणत होत्या, "पेटी नीट धरा, कसली धरलीय, मेली सगळी वाकडी!" आणि तोकुजी नाक ओढत म्हणत होते, "तूच धर मग, तुला सगळं येतं!" बाटल्यांची पेटी घेऊन निघालेल्या माकितासाहेबांनी थांबून दोघांना लवून नमस्कार केला आणि घड्याळ पाहिलं. पाच अठ्ठावीस.

हानपेनने अर्धी गोळी घेतली, दोन वाट्या खाल्ल्या आणि ती दिवसभर झोपली. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले. वेळेत आणलंत, म्हणाले.

संध्याकाळी माकितासाहेब आले. अभिनंदन करून झालं, चहा झाला, तरी उठेनात.

"उद्याचं कसं?"

"उद्या कशाला? मांजर सापडलं."

"ते झालंच हो. पण कागदावर रविवार आहे. बावीस घरांनी टॉवेल घेतलेत. ओइशीबाईंनी गजर लावलाय. त्यांच्या नणंदबाई खास शिझुओकाहून यायच्यात." त्यांनी घसा साफ केला. "मंडळ आग्रह करत नाही. पण टॉवेल तर लोकांनी वापरायला काढलेत."

ते गेले. टॉवेल देऊन दिलेला शब्द मोडणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना दोघं शेडऐवजी आपल्याच दारात येऊन उभे राहिले. तेवढा बदल माकितासाहेबांनी चालवून घेतला. समोर ओइशीबाई आणि नणंदबाई पायरीवर बसल्या होत्या. न्हाणीघराच्या बंद खिडकीच्या काचेमागे हानपेन निजली होती.

"विषय आहे का काही?" तोकुजींनी हळूच विचारलं.

"आधी हात द्या." फुसाएबाईंनी पट्टा बांधला, यंत्र गुरगुरलं, थांबलं. त्या आकडा बघत राहिल्या. मग वर पाहिलं.

"काल प्लमचं खारट लोणचं खाल्लंत."

"एकच फळ."

"बरणीत सात होती. आता चार आहेत."

"यंत्राने सांगितलं तुला?"

"बरणीने सांगितलं! गणित शिकवू नका मला!"

काचेमागे हानपेन उठली, पाठीची कमान केली आणि वाटीकडे चालू लागली.