पिवळे बाण

"हे पिवळं काय चिकटवून आणलंस?"

चाकाशी उकिडव्या बसलेल्या फिटरनं वर न बघताच विचारलं. ट्रकच्या चाकांच्या प्रत्येक नटावर प्लॅस्टिकचा एकेक बाण बसवला होता, शेजारच्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून.

"नट ढिला झाला की बाण फिरतो, दादा. लांबूनही दिसतं," ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणजे माझ्यावर पहारा."

"नटांवर."

"आणि नट कोण आवळतं?"

ड्रायव्हर टायरची हवा बघायला वळला.

दोघं साडू. एकेकाळी एकमेकांवाचून त्यांचा घास उतरत नसे. मग एका उतारावर याच ट्रकचं चाक निखळलं आणि एक सायकलवाला कायमचा लंगडा झाला. चौकशीतून काही निष्पन्न झालं नाही, पण ड्रायव्हर सगळ्यांदेखत बोलून गेला, "ह्यानं नट ढिले ठेवले." फिटरनंही ऐकवलं, "थोडं चालवून पुन्हा आवळायला ये म्हटलं होतं, तू फिरकलास?" तेव्हापासून सख्ख्या बहिणी चोरून फोनवर बोलत आणि नवरे कामापुरतं.

त्या दिवशी चाकामागचा ब्रेकचा ड्रम नवीन बसवून फिटरनं नट असे आवळले की पाना हातात रुतला. बाण परत जागेवर ठेवताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की ते नुसत्या बोटांनी निघतात. म्हणजे उद्या याच्या मनात आलं तर बाण फिरवून आणेल आणि म्हणेल, बघा, पुन्हा ढिले! फिटरच्या डोक्यात किडा वळवळला. ड्रायव्हर हात धुवायला गेल्याचं बघून त्यानं बाणांच्या आड, नटापासून चाकापर्यंत, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट हलला नाही तर रेघ तुटणार नाही. आता बघू कोण कुणाला पकडतो.

चारपाच दिवसांत ट्रक परत आला.

"या, बघा," ड्रायव्हर म्हणाला. आवाजात भांडण होतं.

दोन बाण तिरके झाले होते. फिटरला मनातून आनंदच झाला. चोर आयताच सापडला! त्यानं घाईनं बाण उपटला आणि आड बघितलं.

रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, चाकावरचा दुसरीकडे.

दुसऱ्या नटाचंही तेच. फिटरनं रेघेवरून अंगठा फिरवला.

"काय झालं?" ड्रायव्हरनं वाकून बघितलं. "ही रेघ कसली?"

"माझी," फिटर म्हणाला. "तू बाण फिरवशील म्हणून."

ड्रायव्हरनं जाऊन जॅक ओढून आणला.

चाक उतरवलं तेव्हा कळलं. नवा ड्रम चाक टेकतं तिथेही जाड रंगानं माखून आला होता. वजनानं तो रंग चेपला, झिजला आणि आवळलेल्या नटांखाली फट पडली. फिटरनं नखानं एक पापुद्रा काढला. त्या अपघाताच्या वेळीही ट्रक नुकताच रंगवून आला होता. ते ड्रायव्हरला कुठून आठवणार? गप्प बसलं असतं तर चाललं असतं.

"तेव्हाही असाच रंग होता," तो म्हणाला. "मी खरवडला नाही."

"आणि मी आलो नाही," ड्रायव्हर म्हणाला.

दोघांनी मिळून रंग खरवडला. कुणी माफीबिफी मागितली नाही, आणि त्या सायकलवाल्याचा विषय निघाला तेव्हा दोघांचेही हात थांबले.

"उद्या पुन्हा आवळायला ये," जाताना फिटर म्हणाला. येईल याची त्याला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक फाटकातून आत आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरून किल्ली फिटरच्या हातावर ठेवली आणि भिंतीच्या सावलीत जाऊन, चाकांकडे पाठ करून, डोळे मिटून बसला.