पुढचं डावं चाक

शिवदास मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि "खोटं बोलू नका" हे त्याहून जास्त वेळा सांगितलं. त्यामुळे खोटं बोलायची सवय अशी त्यांना राहिलीच नव्हती. सवय नसलेल्या माणसाने या भानगडीत पडू नये, हे त्यांना यंदाच्या मे महिन्यात कळलं.

सुरुवात गाडीच्या आवाजाने झाली. मास्तरांची मुलगी गौरवी रोज पहाटे गोव्यातल्या नार्वेहून मोपाच्या विमानतळावर कामाला जायची. गाडी मास्तरांचीच, पांढरी, अकरा वर्षांची. एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, चाळीसाच्या वर गेली की गाडी घूंऽऽ करता. फुडल्या चाकाकडसून येता आवाज."

"मेस्ताक दाखोवया," मास्तर म्हणाले. गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर त्या घरात गेली तीस वर्षं हेच एक औषध होतं.

मेस्त म्हणजे मिस्त्री, दिनकर. मूळचा खानापूरकडचा. ऐन तरुणपणी डिचोलीत आला, पत्र्याची शेड घातली आणि तिथलाच झाला. त्याच्या गॅरेजाच्या दारात एक चेपलेलं पाण्याचं पिंप आहे. ते गौरवीने गाडी शिकताना चेपलं होतं. पोरगी रडकुंडीला आली तेव्हा दिनकर म्हणाला होता, "पिंपाचीच चूक हाय ओ. वाटेत कशाला उभं ऱ्हायचं त्यानं?" तेव्हापासून गौरवी त्याला काका म्हणते, आणि पिंप अजून वाटेतच आहे.

दिनकरच्या दोन गोष्टी साऱ्या तालुक्याला माहीत. एक म्हणजे त्याचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग तो रोग सांगायचा. दुसरी गोष्ट म्हणजे काढलेला जुना पार्ट तो कधी कचऱ्यात टाकत नसे. कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा, "बगा, हे असं झालंतं." मास्तरांच्या पडवीत अशा झिजलेल्या सामानाचा एक डबाच भरला होता. त्यांची बायको शेवंती दर दिवाळीच्या साफसफाईत तो उचलायची आणि मास्तरांचं तोंड बघून परत जागेवर ठेवायची.

रविवारी बापलेक दिनकरकडे गेली. दिनकर स्वतः चालवायला बसला, मास्तर शेजारी, गौरवी मागे. मये तळ्याच्या रस्त्याला लागल्यावर गाडीने वेग घेतला आणि आवाज सुरू झाला. चक्कीत दळण पडल्यावर येतो तसा, जाडा, सलग. मास्तरांच्या तळपायाला तो कळत होता. दिनकर मात्र शांतपणे रस्त्याकडे बघत होता.

"कुठाय आवाज?" तो म्हणाला.

मास्तरांनी मागे वळून गौरवीकडे बघितलं. गौरवीने त्यांच्याकडे बघितलं.

गॅरेजात परतल्यावर दिनकरने चाक उचललं, फिरवलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "काय नाही ओ मास्तर. टायरचा असंल. चालवा बिनधास्त."

तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या शेडमध्ये मास्तरांना भीती वाटली. दिनकर हल्ली कशालाही "हां, हां" म्हणतो, समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं निराळं आणि कबूल करणं निराळं.

"काकांक आयकूंक येना, बाबा," घरी आल्यावर गौरवी म्हणाली. "आपण म्हापशां कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांत न्हेवया. थंय मशीन आसा, सगळें तपासतात."

"आनी ताका कितलें वायट दिसतलें?" शेवंतीने विचारलं. "तीस वर्सांचो मनीस तो."

 धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मास्तरांची गत झाली होती. तसा विचार करायला फारसं काही नव्हतं. काळोखात एकटी पोर गाडी घेऊन जाते, आणि चाक मध्येच दगा देणार असेल तर मैत्री कुठे घेऊन बसायची? गाडी म्हापशाला न्यायचीच होती. प्रश्न एवढाच होता की ज्या माणसाने उभ्या जन्माची भाकर कानांवर कमावली, त्याला "तुझे कान गेले" हे कुणी सांगायचं? मास्तरांच्याने ते होणार नव्हतं. दिनकर त्यांना प्रिय होता, सख्ख्या भावाइतका, आणि हे त्यांनी त्याला कधी सांगितलंही नव्हतं.

तेव्हा न सांगता जायचं ठरलं. आणि इथेच मास्तर चुकले. दर मे महिन्यात ते आपल्या झाडाचे एक डझन मानकुराद आंबे दिनकरला देत. यंदा सोमवारी सकाळी ते दोन डझन घेऊन गेले. तेही निवडून, एकेक वजनदार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

दिनकरने टोपलीवरचं गवत बाजूला सारलं. आंबे बघितले, मग मास्तरांचं तोंड बघितलं.

"यंदा झाड लई धरलंय वाटतं?"

"हय तर! खूब धरलां," मास्तर जोरात म्हणाले. यंदा मोहोर करपला होता आणि साऱ्या पंचक्रोशीत आंबा नावालाच होता. दिनकरने मान हलवली आणि बायकोला हाक मारून टोपली आत दिली.

बुधवारी गौरवी बसने कामाला गेली आणि मास्तर गाडी घेऊन म्हापशाला गेले. तिथे काच होती, थंडगार हवा होती, सोफा होता आणि एका मुलीने त्यांना तीनदा "सर" म्हटलं. गाडी आत नेली. दिनकरकडे ते बॉनेटशेजारी स्टुलावर बसायचे, पाना हातात द्यायचे, मध्ये चहा व्हायचा. इथे गाडी काचेपलीकडे आणि ते अलीकडे. जवळचं माणूस ऑपरेशनला आत नेल्यासारखं त्यांना वाटत राहिलं. समोरची कॉफी निवून गेली.

तासाभराने चाळिशीतला एक सुपरवायझर बाहेर आला. छातीवर नितीन असं नाव होतं.

"नार्वेचे मास्तर नव्हं तुम्ही?"

मास्तर दचकले. "हो. तुम्ही कसं ओळखलंत?"

"सोमवारपास्नं वाट बघतोय तुमची." नितीन शेजारी बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मी चार वर्षं दिनकर मिस्त्रींकडे शिकलो. लई वर्षं झाली. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आलता. म्हणाले, नार्वेचे मास्तर येतील, पांढरी गाडी. पुढचं डावं चाक, बेअरिंग बघ. चाक फिरवताना हाताला शंका आली, पण आवाज येईना. मला ऐकू येईना झालंय नित्या, आणि पोरगी रोज मोपाला जाते."

निवलेली कॉफी मास्तरांनी उगाच हातात घेतली.

"मी हो म्हणेपर्यंत फोन ठेवला बी. आणि थांबून तरी काय करणार? माझं त्यांना कुठं ऐकू येणार होतं?" नितीनने मान खाली घातली. "तुम्हाला सांगू नको म्हणालेले. पण सांगितलं मी."

"बेअरिंग..."

"गेलंतं. डावंच. अजून महिनाभर चालवली असती तर अवघड होतं. नवीन घातलंय, आता फिकीर नाही." मग त्याने खिशातून वर्तमानपत्राची एक जड पुडी काढली. "इथं जुना पार्ट देत नाहीत, तुम्ही मागितला म्हणून लिहून घेतलंय. पण मिस्त्रींची शिस्त हाय. मोडवत नाही."

मास्तरांनी तर काही मागितलं नव्हतं. पुडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. परतीच्या वाटेवर गाडी मुकाट, अगदी सुतासारखी चालली होती, आणि त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते. अस्नोड्याला त्यांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि मग पुढे गेले.

दिनकर पिंपावर हात धूत होता. मास्तर खाली उतरले. बोलायचं बरंच ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी पुडी पुढे केली.

दिनकरने कागद उलगडला. बेअरिंग तळहातावर घेतलं, दोन बोटांनी हळूहळू फिरवलं. बोटं एका जागी अडली, पुन्हा अडली.

"डावंच नव्हं?"

"डावेंच."

"हाताला कळालंतं ओ. पण कानानं हो म्हटल्याबिगर माझ्या तोंडातनं निघंना. तुमी दोघांनी एकमेकांकडं बगितलासा, तवाच समजलो. आणि त्यात ते दोन डझन आंबे!" तो हसायला लागला, पण हसू मध्येच थांबलं. "माझ्यानं चूक झाली मास्तर. चालवा बिनधास्त म्हणालो मी. पोरीला काय झालं असतं तर?"

"जालें ना मरे कांय," मास्तर म्हणाले. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून जवळ जाऊन मोठ्याने म्हणाले, "तुवें फोन केलो म्हूण कांय जालें ना! आनी आयक. गौरवी तुका कानाच्या दोतोराकडे व्हरतली. आनी फुडें गाडी हांगाच येतली. हात तुझे, कान म्हजे. हांव स्टुलार बसून आयकतां आनी तुका सांगतां."

दिनकर बेअरिंग फिरवत राहिला. मग त्याने एकदम लहान मुलासारखं विचारलं, "आवाज कसा येत होता?"

भर दुपार होती. रस्त्याने माणसं जात होती, आणि त्यातली निम्मी मास्तरांच्या हाताखालून गेलेली. मास्तरांनी दिनकरच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि म्हणाले, "घूंऽऽ."

दिनकरने मान हलवली. नाही.

"घूंऽऽऽर्र." आणखी खालच्या सुरात, आणखी जाड. चंद्रभागा, दिनकरची बायको, आतून बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. रस्त्यावरचा एक स्कूटरवाला थांबला. मास्तरांनी कुणाकडेही बघितलं नाही. पोटातून दम घेऊन त्यांनी तिसऱ्यांदा आवाज काढला, लांब, सलग, अगदी मये तळ्याच्या रस्त्यावर आला होता तसा.

दिनकरने डोळे मिटले.

"आलं," तो म्हणाला. "ह्योच. बेअरिंगचाच ह्यो." मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं. "थांबू नका मास्तर."

आणि मास्तर थांबले नाहीत.