गुंड्याची ऊब

उल्काबाई नागपूरहून हेब्बाळला लेकाकडे राहायला आल्या, आणि आल्या त्या अडकल्याच. घर चौदाव्या मजल्यावर. खाली उतरावं तर कानडी येत नाही. निहार सकाळी ऑफिसला जायचा तो रात्रीच उगवायचा. दिवसभर सोबतीला कोण, तर साप! निहारने हौसेने पाळलेला अजगराच्या जातीचा साप, गुंड्या नावाचा. तो काचेच्या पेटीत आणि बाई काचेच्या खिडक्यांत. आधी त्यांना त्याची शिसारी यायची. पण समोरासमोर बसून बसून माया जडली, त्याला इलाज नाही.

गुंड्याची ऊब सांभाळणं हा निहारचा देवधर्म होता. पेटीखाली विजेवर तापणारी चटई आणि पेटीच्या आत, वायरच्या टोकाला, उष्णता मोजणारा प्रोब. बाई त्याला बोंड म्हणायच्या. बोंडाला गार लागलं की चटई तापायची, ऊब पुरली की आपोआप थांबायची. आकडा चौतीसच्या वर चढला तर थेट निहारच्या फोनवर भोंगा वाजायचा.

"आई, प्रोब बाहेर काढायचा तर आधी स्विच ऑफ कर हं. नाहीतर चटई तापतच राहते. खालून भाजतंय हे त्याला पटकन कळतसुद्धा नाही गं," असं त्याने शंभरदा बजावलं होतं. मागे बाईंना ताप भरला होता तेव्हा मात्र, "गोळी घेऊन झोप, मी मीटिंगमध्ये आहे," एवढंच म्हणाला होता. बाईंना ते लागलं होतं.

त्या दिवशी गुंड्याने पेटीत घाण केली. बाईंनी पेटी पुसली, बोंड धुतलं आणि नागपूरच्या सवयीने त्याला जरा ऊन दाखवायला बाल्कनीच्या उंबऱ्यावर ठेवलं. पेटी दाराशीच होती, वायर पुरली. स्विच राहिला, तो राहिलाच. मग फडकी वाळत घालायला त्या बाहेर आल्या आणि गुंड्याला वारा लागू नये म्हणून सरकतं दार मागे ओढून घेतलं. आतली कडी खटकन आपली आपण बसली. वायर दाराखालच्या फटीत, बोंड बाहेरच. फोन आत, ओट्यावर.

काचेतून बघतात तर चटईचा लाल दिवा लागलेला. बाहेर ऊन नावाला, डिसेंबरचा वारा बोंडाला झोंबत होता आणि आत चटई जोरात तापत होती. गुंड्या तिच्यावरच वेटोळं करून निवांत पडला होता. बाईंनी दार हिसडलं, काच बडवली, खाली वाकून वॉचमनला हाका मारल्या.

"अण्णा! ओ अण्णा!"

अण्णाने वर पाहून सभ्यपणे हात हलवला. बाईंनी घाबरून दोन्ही हात हलवले. त्यानेही दोन्ही हलवले.

"मेल्या!" म्हणत बाई मटकन खाली बसल्या. मुकं जनावर डोळ्यांदेखत भाजणार, तेही आपल्या हातून. त्यांना रडूच फुटलं. रडता रडता उंबऱ्यावरचं बोंड हाताला लागलं, गारढोण. अन् एकदम डोक्यात आलं, याला गार लागतंय म्हणूनच ना ती तापतेय? त्यांनी बोंड उचललं आणि थर्मामीटर धरतात तसं काखेत घट्ट दाबलं. वायर आखूड पडली. दाराला खेटून, मान वाकडी करून बसावं लागलं. आता तर हलायचीही सोय उरली नाही.

बऱ्याच वेळाने लाल दिवा विझला.

"झोप बाप्पा," बाई काचेतून म्हणाल्या. त्यांचे दात थंडीने वाजत होते. पाठीला रग लागली, पायाला मुंग्या आल्या, पण त्यांनी काख सोडली नाही.

आत घराचं दार उघडल्याचा आवाज आला. निहार! भरदिवसा, धापा टाकत, पाठीवर बॅग तशीच. तो थेट पेटीपाशी गेला, गुंड्याला उचलून त्याचं पोट तपासलं. पोट ठीक होतं. चटईला हात लावला, ती कोमट होती. फोनवर मात्र छत्तीसचा आकडा हटेना. त्याने पेटीत बोंड शोधलं, ते तिथे नव्हतं. मग त्याची नजर वायरीवरून सरकत निघाली. पेटीच्या बाहेर, दाराच्या खालून, पलीकडे, आईच्या पदराआड.

त्याने कडी काढली.

"आई, अगं... हे छत्तीस तुझे होते?"

बाईंनी बोंड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हो रे. अन् आज तर मला तापही नव्हता," त्या म्हणाल्या. "तरी धावत आलास."