चांदी ल्यालेली घागर

चौऱ्याहत्तर साली इस्लामपुरात घरोघरी स्टीलच्या कळशा आल्या आणि धोंडिराम कुंभाराच्या घागरी धूळ खात पडल्या. त्याची सून अंजना मात्र माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "नानासो, माझं पैंजण आटवा. घागरीला पट्टा करायचा हाय."

मी सोनार. मातीला दागिना घालायला आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मला हसू आलं, पण ती हसेना. मग मीही इरेला पेटलो आणि हत्यारं घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. भाजून काढलेल्या काळ्या घागरीच्या पोटावर चांदीचा पट्टा असा बसवला, की खाली नख शिरू नये. मिरजेचा व्यापारी ती बघायला येणार होता. त्याला पसंत पडली तर कुंभाराचं चाक पुन्हा फिरणार होतं, नाहीतर पैंजणही जाणार आणि धंदाही.

व्यापारी यायच्या आधी धोंडिरामने घागर बोटाने वाजवून बघितली. बद्द! फुटक्या मडक्यासारखी.

तो मडकी ठोकायची थापी घेऊन उठलाच. बद्द वाजणारं मडकं त्याच्या अंगणातून कधी बाहेर गेलं नव्हतं. ते तो स्वतःच्या हाताने फोडायचा.

अंजना आडवी आली. "थांबा मामंजी! घागर फुटकी न्हाई. चांदीनं तिचं पोट आवळलंय."

"आन् गिऱ्हाइकाला कोण पटवणार? त्यो वाजवूनच घेणार."

"मग वाजलीच पायजे." तिने माझी कातर उचलली आणि पट्टा कचकन कापला.

"अगं बाई, इचारायचं तरी!" मी ओरडलो. केवढा खपलो होतो मी त्यावर! तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टिचकी मारली. घागर खणखणीत वाजली, अंगणभर घुमली.

धोंडिरामने थापी खाली ठेवली.

"नानासो, आता हीच पट्टी घागरीच्या गळ्याला बसवा," अंजना म्हणाली. "बिगी बिगी."

मी पुटपुटत बसवली. खरं सांगतो, आधीपेक्षा देखणी दिसली. व्यापाऱ्याने चांदीकडे बघायच्या आधी टिचकीच मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "अशा आणखी करा."

आणखी करायला चांदी कुठली? अंजनाने आपल्या रिकाम्या पायांकडे बघितलं. धोंडिराम घरात गेला आणि फडक्यात बांधलेले चांदीचे तोडे घेऊन आला. माझ्याकडे न देता त्याने ते सुनेच्या हातात ठेवले.

"तुज्या सासूचं हायती. पर घागरीचं पोट मोकळं ठेव. तुज्या सासूचाबी आवाज लय मोठा हुता."