रेग्युलेटरचं झबलं

शिवाजी पेठेत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय. कुठलीबी गाडी आली आणि जोतीरामनं हात टेकले, असं कधी झालं न्हवतं. पण कागलच्या गणपतरावांच्या मोटरसायकलनं माझी पार लाज काढली. आणि नेमकी त्यांच्याच विजयसिंहाला माझी पूर्णिमा द्यायचं चाललेलं. पोरापोरीनं एकमेकाला पसंत केलतं. अडलं होतं ते गाडीवर.

गाडीचं दुखणं एकच. रेग्युलेटर जळायचा. इंजिनातनं येणारा करंट लई अवखळ असतोय. हा डबा त्याला सरळ करतो, बॅटरीला लागंल तेवढाच देतो, आणि जास्तीचा स्वतःच्या अंगावर घिऊन तापतो. म्हणून तर त्याला ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असत्यात आणि कंपनी त्याला वाऱ्याच्या तोंडाला बसवती. तो गेला की बॅटरी उकळती, न्हायतर पार मरती.

मी नवा बसवला, जळला. भारीतला आणला, त्यो बी जळला. कॉइल तपासली, सगळं वायरिंग उलगडून परत बांधलं, अर्थिंगचा जोड घासून लख्ख केला. दुकानात मीटर लावला की व्होल्टेज एका जागी खिळलेलं. कागलात गेली की आठवड्यात राख.

गणपतराव तसा अबोल माणूस. पण हायवेला गाडी ढकलून ढकलून त्यांनाबी तोंड फुटलं. दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "पावणं, तुमच्या हाताला गुण न्हाय. गाडीची ही तऱ्हा, मग सोयरीक कशी निभावणार? आता परत जळला तर हा विषय इथंच सोडू." माझं डोस्कं असं फिरलं, पण हातातला पाना गप खाली ठेवला. व्याही व्हणारा माणूस, काय बोलणार? पूर्णिमा तिथंच वायरिंग करत बसलेली. तिचं लगीन त्या डब्यावर टांगलंय, हे तिलाबी कळलं.

घर बघायला जायचा दिवस उजाडला आणि सकाळीच त्यांचा फोन. "येताना एक रेग्युलेटर घिऊन या." संपलं, म्हणलं. पोरीनं घर बघायला जायची आमच्यात पद्धत न्हाय, पण पूर्णिमा मीटरची पिशवी घिऊन माझ्या गाडीवर मागं बसली. "आज मला मिस्त्री समजा," म्हणाली.

कागलात घरात शिरलो तर जिकडं तिकडं कव्हरं. फ्रीजला कव्हर, फ्रीजच्या मुठीला वेगळं कव्हर. मिक्सरला, मशीनला, गॅसच्या टाकीला झालरीचा झगा. गणपतरावांचा मोबाईल वाजला, तर त्याच्या कव्हराची बटणं सोडेपर्यंत फोन बंद झाला. सगळं विजयसिंहाच्या आईनं, चिमणाबाईंनी, हातानं शिवलेलं. बाई कौतुकानं एकेक दाखवत होत्या आणि आम्ही वा वा करत चहा पीत होतो.

मग अंगणात गाडी बघायला गेलो. टाकीला कव्हर, सीटला कव्हर, आरशांना टोपडी. आणि हेडलाईटच्या खाली, रेग्युलेटरला रेक्झिनचं झबलं. आतनं अस्तर, कडेला पिवळी लेस, बंद मागं बांधलेले.

"हे कधीपासनं हाय?" मी विचारलं.

"पहिल्यापासनं हाय की," चिमणाबाई म्हणाल्या. "कंपनीनं बिचाऱ्याला उघडंच ठेवलंय. ग्यारेजला पाठवताना तेवढं काढून घेते. तुमच्या काळ्या हातानं मळलं असतं."

बघा आता. मी इतके महिने गाडी पिंजून काढतोय आणि खरा गुन्हेगार दर टायमाला घरात घडी करून ठेवलेला. शिव्या पार ओठावर आलत्या. पण बोललो तर व्हणाऱ्या विहीणबाईंचा अपमान, न बोललो तर माझ्या हाताला गुण न्हाय. मी पोरीकडं बघितलं. म्हणलं, जाऊ दे आपली अब्रू.

"माल खराब लागत असंल," मी म्हणालो. इतकं खोटं निदान मी आयुष्यात केलं न्हवतं.

"माल चांगला हाय," पूर्णिमा म्हणाली, आणि खाली बसून झबल्याचे बंद सोडायला लागली. "काकू, ह्याचं कामच तापायचं हाय. वारा लागला तरच जगतंय. चालू इस्त्री गोधडीत गुंडाळल्यागत झालंय बघा." तिनं झबलं उलटं करून दाखवलं. अस्तर करपून तपकिरी झालतं.

गणपतराव आभाळाकडं बघायला लागले. विजयसिंह उगंच चप्पल शोधायला लागला. त्या घरात कव्हर काढायची हिंमत आजवर कुणाला झाली नसावी. चिमणाबाईंनी झबलं घेतलं आणि तडक आत गेल्या. मोडलं लगीन, मी मनात म्हणलं. खरं सांगतो, रडू यायला लागलं.

बाई बाहेर आल्या त्या कात्री घिऊन. "ह्याला भोकं पाडली तर?"

"न्हाय चालणार, काकू."

"बारीक जाळी लावली तर?"

"चिखल धरंल."

"पावसात एकटं भिजंल की गं ते."

"भिजू दे. आतनं बंद हाय. भिजलं तर उलट गार व्हईल."

दोघींतली कोणच मागं सरंना. शेवटी मी मधी पडलो. "ताई, मनावर घिऊ नका. पोरगी हट्टी हाय. माझ्यावर गेलीया."

चिमणाबाईंनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही तर आत्ता माल खराब म्हणून मोकळं झालासा," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर न्हाय. माझ्यावर गेलीया."

आणि कात्री माझ्या हातात देऊन, पूर्णिमाला कुंकू लावायला आत घिऊन गेल्या.