मामांनी खरं लिहिलं

रुग्णवाहिकेवर मी नर्स, मामा ड्रायव्हर. मामा म्हणजे अख्ख्या आरोग्य केंद्राचे मामा. शाळेच्या बसच्या अपघातातली पोरं आमच्या गाडीतून आणली, तेव्हापासून त्यांची झोप उडालेली. मामी मला फोन करून रडायच्या. मी कानीकपाळी ओरडायचे, "मामा, साहेबांना सांगा!" तर म्हणायचे, "किल्ली काढून घेतील. मग घरी काय माशा मारू?"

मग मानसिक आरोग्य तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी प्रश्नांचे कागद वाटले. झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, असलं सगळं. नाव लिहायचं नाही, म्हणजे मनमोकळं लिहाल, असं गोड बोलल्या. आमच्या बहाद्दरांनी खिदळत 'कधीच नाही'वर खुणा केल्या. मामा मात्र कोपऱ्यात बसून लिहीतच राहिले.

"सगळं खरं लिहिलं बघ," बाहेर येऊन म्हणाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्यानंतर ते वाट बघायला लागले. "बोलावतील गं. आपल्याकडे कॉल नोंदवला की गाडी निघतेच ना?"

अहो, पण पत्ताच नाही दिला तर गाडी जाणार कुठे? अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. कितीतरी दिवसांनी माणूस आशेवर होता.

आज साहेबांनी निकाल वाचला. केंद्राची सरासरी उत्तम! टाळ्या पडल्या. "एक कागद भलताच होता," साहेब हसले, "कुणीतरी चेष्टा केली असणार."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "साहेब, ती चेष्टा—" म्हणेपर्यंत मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "असतात एकेक वात्रट," ते म्हणाले, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात कॉल आला. कुणाच्या तरी छातीत कळ आली होती. मामांनी गाडी सुरू केली आणि तसेच बसून राहिले.

"मामा, निघा ना!"

"पोरी, मला नाही गं जमत आता."

मी वायरलेस उचलला. "कंट्रोल, दुसरी गाडी पाठवा. आमच्या ड्रायव्हरला बरं नाही."

"काय होतंय? ताप? चक्कर?"

"मनाने खचलेत हो ते! कधीपासून!"

पलीकडून आवाज आला, "बाई, तिकडे माणूस मरतोय. दुसरी गाडी नाही. निघा."

मामांनी ते ऐकलं. बाहीने डोळे पुसले आणि गाडी काढली.